मध्यम किमतीचं टार्गेट पिस्तूल: आधी मूठ, मग बाकी सगळं

नमस्कार मंडळी. विषय तुम्हाला माहीत आहे: टार्गेट नेमबाजीसाठी मध्यम किमतीचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल कसं निवडावं. निवडीपर्यंत आपण पोचणारच आहोत. पण त्याआधी एका मुद्द्यावर मला तुमचा वेळ हवाय, कारण पिस्तूल घेताना त्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि पुढे वर्षानुवर्षं गुण त्यापायीच जातात.

आधी कुंपण घालून घेऊ. आज आपण पॉइंट टू-टू लाँग रायफल काडतुसाच्या पिस्तुलाबद्दलच बोलणार. मोठ्या बोअरची, म्हणजे जाड गोळीची, पिस्तुलं वाईट असतात असं नाही. पण नऊ मिलिमीटरच्या बहुतेक पिस्तुलांत प्रत्येक गोळीला नळी मागे सरकते, खाली झुकते आणि परत जागेवर येते. ती दर वेळी तंतोतंत त्याच जागी यावी लागते, आणि तेवढी नेटकी जुळणी मध्यम किमतीत क्वचितच मिळते. टू-टूच्या टार्गेट पिस्तुलात नळी फ्रेमला पक्की असते. मागे जातो तो फक्त बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग. त्याला ढकलतो काडतुसाचा धक्का, आणि आवरतात त्याचं स्वतःचं वजन आणि स्प्रिंग. बऱ्याच मॉडेलांत दोन्ही साईट, म्हणजे नेम धरायची पुढची पाती आणि मागची खाच, न हलणाऱ्या भागावर बसवलेल्या असतात. त्यामुळे कमी पैशात जास्त अचूकता पदरात पडते, धक्का कमी बसतो आणि काडतुसांचा खर्च झेपतो, म्हणजे सराव होतो.

आता तो मुद्दा. पिस्तूल घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, “ग्रुप किती मिलिमीटरचा?” म्हणजे गोळ्यांची भोकं किती जागेत पडतात? काही पिस्तुलांच्या पेटीत कारखान्यात मारलेला एक टार्गेटचा कागद येतो. पाच भोकं, जवळजवळ एकात एक. तो कागद पाहून माणूस खूश होतो आणि त्यावरच निर्णय घेतो. पण तो कागद मारताना पिस्तूल लोखंडी शिकंजात आवळलेलं होतं. शिकंजाला मनगट नसतं.

जरा आकडे मांडू. पंचवीस मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे मध्यापासून २५, आणि गोळीची कड रेषेला शिवली तरी गुण मिळतो, म्हणून धरा २८. आता दोन साईटमधलं अंतर २२० मिलिमीटर घ्या. आंतरराष्ट्रीय नियमात कमाल तेवढंच चालतं. २५,००० ला २२० ने भागा. उत्तर साधारण ११४. म्हणजे पुढची, फ्रंट साईट मागच्या साईटच्या खाचेत जेवढी सरकेल, त्याच्या ११४ पट गोळी टार्गेटवर सरकेल. पाव मिलिमीटर सरकली की २८ मिलिमीटर, दहा हुकला. साईटमधलं अंतर १६० असेल तर तीच पाव मिलिमीटरची चूक ३९ मिलिमीटरची होते.

आता हात डुलण्याचं बघा. साईट एकमेकींशी नीट जुळलेल्या असताना अख्खा हात समांतर १० मिलिमीटर सरकला, तर गोळी १० मिलिमीटरच सरकते. दहा लागतो. डुलणारा हात डोळ्याला दिसतो म्हणून माणूस घाबरतो आणि घाईने ट्रिगर ओढतो. मनगटातला बारीक कोन दिसत नाही आणि तोच घात करतो. शिकाऊ नेमबाजाला पहिल्या आठवड्यात एवढं जरी पटलं, तरी त्याचं अर्धं काम झालं.

आणि पिस्तुलाची अचूकता? समजा तुमचं पिस्तूल पंचवीस मीटरवर ३० मिलिमीटरचा ग्रुप देतं. शेजाऱ्याचं, दुप्पट किमतीचं, २० चा देतं. फरक त्रिज्येत ५ मिलिमीटरचा. साईटवर मोजला तर तो ०.०४ मिलिमीटर, केसाच्या जाडीइतका किंवा त्याहून कमी. त्या केसासाठी दुप्पट पैसे मोजायचे, आणि मनगटात पाव-पाव मिलिमीटरचा कोन देणारी मूठ तशीच ठेवायची? माझं भांडण आहे ते इथे.

म्हणून मूठ. आपण ग्रिप म्हणतो तो भाग. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खाच पिस्तुलाच्या मागच्या कडेखाली जितकी वर बसेल तितकी वर बसवा, आणि नळी हाताच्या पुढच्या हाडाच्या रेषेत आणा. दाब मधल्या दोन बोटांनी, सरळ मागे. करंगळी नुसती टेकलेली. अंगठा सैल. तर्जनी लाकडाला कुठेही घासता कामा नये. एक-दोन मिलिमीटर फट दिसलीच पाहिजे, नाहीतर ट्रिगर मागे येताना बोट लाकडालाही ढकलतं आणि नळी बाजूला जाते. ट्रिगरवर बोटाच्या शेवटच्या पेराच्या गादीचा मध्य यायला हवा. सांधा आला तर ग्रिप तुमच्यासाठी लहान आहे, टोक आलं तर मोठी. ट्रिगरची पाटी पुढेमागे सरकवता येत असेल तर हे थोडंफार सावरता येतं.

आता परीक्षा. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करा, मॅगझिन काढा, बोल्ट उघडून चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, बघा, मग बंद करा. सुरक्षित दिशेला तोंड करून उभे राहा, नीट पकड घ्या, हात खाली न्या. डोळे मिटा. हात नेमाच्या उंचीला आणा, एक श्वास थांबा, डोळे उघडा. साईट कशा दिसतात? असं दहा वेळा करा आणि दर वेळी कागदावर खूण करा. दहातल्या आठ वेळा फ्रंट साईट खाचेत मधोमध, माथे एका पातळीत असतील, तर ही मूठ तुमची. दर वेळी एकाच बाजूला चुकत असेल तर ग्रिप दुरुस्त करता येईल. कधी इकडे, कधी तिकडे असेल, तर दोष पकडीत आहे. त्यासाठी महिनाभर पकड घोटावी लागते. रंधा लावून ती सुधारत नाही. हा भेद ओळखल्याशिवाय लाकडाला हात लावू नका.

किती जणांनी आपल्या ग्रिपला सँडपेपर लावलाय, हात वर करा बघू. सात... आठ. आणि किती जणांना नंतर नवी ग्रिप विकत घ्यावी लागली? (हशा) तर मग क्रम ऐका. आधी भर घालायची, मग काढायची. फ्रंट साईट सतत खाली दिसत असेल तर ग्रिपच्या मागच्या बाजूला, खालच्या टोकाकडे, मळलेल्या मातीसारखी मऊ प्लॅस्टिसिन लावून बघा. तळव्याच्या टाचेखाली भर आली की नळी वर येते. सतत वर दिसत असेल तर तिथलंच थोडं लाकूड काढा किंवा अंगठ्याच्या खाचेखाली भर घाला. डावी-उजवी चूक असेल तेव्हाही आधी प्लॅस्टिसिनवरच प्रयोग. दोन-तीन सराव तसेच होऊ द्या. आकार पटला की त्या जागी दोन भागांची इपॉक्सी पुट्टी. पुट्टी मऊ असताना तळव्याला ओलं करा किंवा पातळ प्लॅस्टिक गुंडाळा, पकड घ्या, अलगद सोडा. पूर्ण घट्ट झाल्यावर ८० नंबरचा सँडपेपर, मग १२०. त्यापुढे जाऊ नका. गुळगुळीत ग्रिप घामाने निसटते.

लाकूड नेमकं कुठे टोचतंय ते कळत नसेल तर तळव्याला खडूची पूड लावा, पकड घ्या, सोडा. जिथे पांढरं दाट उमटलं तिथे दाब जास्त. एका वेळी अर्धा मिलिमीटर काढा आणि पुन्हा डोळे मिटून दहा वेळा. तळहाताखालची फळी, जी वर-खाली सरकते, ती कधीही आवळून बसवू नका. उन्हाळ्यात हात सुजतो. सकाळी बरोबर बसलेली फळी दुपारी बोटं बधिर करते आणि ट्रिगरचं बोट कधी हललं तेच कळत नाही. पंचवीस मीटरच्या पिस्तुलाला ती फळी ग्रिपशी ९० अंशांपेक्षा कमी कोनात वर वळलेली चालत नाही, आणि ग्रिपचा कुठलाही भाग मनगटाला आधार देता कामा नये. घरी सुंदर कोरलेली ग्रिप उपकरण तपासणीत बाद झाली की खेळाडूचा चेहरा बघवत नाही.

आयोजकांनी पंधरा मिनिटांची चिठ्ठी पाठवली आहे. तर आता निवड, जरा भरभर.

ट्रिगर. पंचवीस मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत त्याचं वजन, म्हणजे तो सुटायला लागणारा जोर, कमीत कमी १,००० ग्रॅम हवं. मोजतात असं: नळी उभी, वजन ट्रिगरच्या मध्याला अडकवायचं आणि आडव्या पृष्ठभागावरून सरळ उचलायचं. घोडा पडता कामा नये. तुम्ही १,०३० ते १,०५० वर ठेवा. थंडीत, धुळीत फरक पडतो. दोन टप्प्यांचा ट्रिगर मिळाला तर सोन्याहून पिवळं: पहिला टप्पा साधारण ७०० ग्रॅमचा, भिंत लागली की उरलेले ३०० हळूच. मध्यम किमतीत बहुधा एकाच टप्प्याचा आणि किलोच्या बराच वरचा ट्रिगर मिळतो. वजनापेक्षा घासटणं बघा. ओढताना वाळूवरून चालल्यासारखं वाटलं तर नको. घोडा सुटल्यावर ट्रिगर मागे किती धावतो तेही बघा. थांबवणारा स्क्रू असेल तर उत्तम. आणि घोडा अडवणारं सीअर घरी कानशीने घासू नका. त्यावरचा कडक थर पातळ असतो. तो गेला की काही दिवस ट्रिगर लोण्यासारखा चालतो, आणि मग एका दाबात दोन गोळ्या सुटतात.

मापं. पंचवीस मीटरसाठी वजन १,४०० ग्रॅमपर्यंत, नळी १५३ मिलिमीटरपर्यंत, आणि अख्खं पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसायला हवं. साडेपाच इंची नळी, म्हणजे १४० मिलिमीटर, चालते. त्याच मॉडेलची पावणेसात-सात इंची आवृत्ती दिसायला ऐटदार, पण तपासणीत बाद. रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी साईट, तीही या स्पर्धांत चालत नाही.

नावं. रुगर मार्क फोर टार्गेट, ब्राउनिंग बक मार्क, स्मिथ अँड वेसनचं व्हिक्टरी, हॅमर्लीचं एक्स-एसे. चौघंही तुमच्या-माझ्यापेक्षा अचूक मारतात. रुगरची मूठ ल्यूगरसारखी जास्त तिरकी, बक मार्कची बरीच उभी. रुगरचंच २२/४५ हे उभ्या मुठीचं. कुठली चांगली ते डोळे मिटून ठरवा. रुगर मार्क फोर मॅगझिनशिवाय ट्रिगर सोडत नाही, म्हणून कोरड्या सरावात, म्हणजे गोळीशिवाय ट्रिगर ओढताना, रिकामं मॅगझिन आत ठेवावं लागतं. वापरलेलं वॉल्थर जीएसपी किंवा पार्डिनी याच पैशात मिळत असेल तर ग्रिप, ट्रिगर दोन्ही मुळातच स्पर्धेचे मिळतात, पण सुटे भाग मिळतील का, हे आधी विचारा.

वापरलेलं घेताना: नळीतून उजेडाकडे बघा, आत काळं कडं दिसलं तर नळी कधीतरी फुगली आहे, सोडून द्या. चेंबरच्या कडेला फायरिंग पिनचा खळगा पडलाय का बघा. रिकामं ड्राय फायर करत राहिल्याने तो पडतो, मग पुंगळी अडकते. बोल्ट थोपवणारा रबरी-प्लॅस्टिकचा बफर असेल तर तो भेगाळलाय का बघा. घोडा बाहेर दिसणारा असेल तर रिकाम्या पिस्तुलाचा घोडा चढवून अंगठ्याने मागून पुढे हलकेच ढकला; तो पडला तर तिथेच नमस्कार करून निघा.

आणि जाम. टू-टूच्या काडतुसाला बुडाशी कड असते. मॅगझिन भरताना वरची कड खालच्या कडेच्या मागे गेली की गोळी चढत नाही. प्रत्येक काडतूस भरताना पुढे सरकवा. पुंगळी उभी अडकत असेल तर आधी एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या, नखाखालचा मेणकट काजळीचा थर काढा, मग मॅगझिनचे ओठ तपासा, मग काडतूस बदला. मॅगझिनं चार घ्या, त्यांवर आकडे टाका. जाम नेहमी तीन नंबरलाच होतोय हे आकड्याशिवाय कळत नाही. काडतूस स्टँडर्ड व्हेलॉसिटीचं, सेकंदाला ३२०-३३० मीटरच्या आसपासचं. तीन-चार प्रकार आणा, वाळूच्या पिशवीवर हात टेकवून प्रत्येकाच्या दहा-दहा गोळ्या मारा. पाच गोळ्यांचा ग्रुप फसवतो. जो ३० मिलिमीटरमध्ये बसेल आणि एकदाही अडणार नाही, तो एकाच लॉट नंबरचा भरपूर घेऊन ठेवा. वाचलेले पैसे तिथे जाऊ द्यात.

वेळ संपली. प्रश्न टेबलापाशी घेतो. तिथे चार पिस्तुलं आहेत, बोल्ट उघडे, चेंबर रिकामं असल्याची खूण म्हणून त्यात केशरी दोऱ्या, तोंडं भिंतीकडे. एकेक जण या, उचलण्याआधी माझ्यासमोर चेंबर बघा, भिंतीवरच्या कागदाकडे तोंड करून डोळे मिटा, आणि हात वर न्या. खुणा करायला पेन्सिल ठेवली आहे. दहा वेळा हं, तीन वेळा नाही.