आप्पांची टाकी

(दृश्य: गच्ची. काळी टाकी. जिना चढणारी पावलं.)

आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी घरातलं एक माणूस जिन्यावरच असतं. आई खालून ओरडते, "टाकी भरनी का, वर जाईसन देखी या!" हे माणूस म्हणजे आप्पा, माझे वडील. वय ६४, गुडघे त्याहून जुने.

१९८०च्या दशकात याच घरात आप्पा रेडिओ जोडायचे. एसी १२८ ट्रान्झिस्टर, फेराइटची कांडी, स्टेशन लावायचा गँग कंडेन्सर, आणि राळेच्या धुरात दिलेले डाग. माल यायचा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, कोणी तिकडे निघालं की त्याच्या हाती यादी द्यायची. मग नोकरी लागली, लग्न झालं, आम्ही झालो. पेटी माळ्यावर गेली.

गेल्या वर्षी मी त्यांना ईएसपी ३२ आणून दिला. काडेपेटीपेक्षा थोडा लांब बोर्ड, म्हणजे कोड लिहून चालवायचा छोटा कॉम्प्युटरच, किंमत चार-पाचशे रुपये, आत वायफाय. आप्पांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "यात गँग कुठंय?"

आमचं गाव अमळनेर. १९४५ साली इथं वनस्पती तुपापासून सुरुवात केलेली विप्रो कॉम्प्युटरकडे वळली, त्याला पस्तीसेक वर्षं लागली. आप्पांनाही साधारण तेवढीच लागली म्हणायची.

पहिला दिवा लुकलुकायला दीड तास गेला. कोडमध्ये कुठेतरी अर्धविराम राहिला होता. आप्पांची तक्रार वेगळीच होती. पूर्वी चूक झाली की वास यायचा, रेझिस्टर काळा पडायचा, बोट लावलं तर चटका बसायचा. आता चूक आहे, पण ती हुंगता येत नाही.

(दृश्य: टाकीचं झाकण. आतून लावलेला दोन डोळ्यांचा सेन्सर.)

मग टाकीचं काम निघालं: पाणी किती आहे ते फोनवर दिसायला हवं. हा सेन्सर ४० किलोहर्ट्झचा, कानाला न ऐकू येणारा आवाज पाण्यावर सोडतो, प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते सांगतो. त्यावरून पाणी किती खाली आहे ते काढायचं. आप्पांनी वायरी जोडल्या आणि बोर्डाची एक पिन कायमची गप्प झाली. धूर नाही, वास नाही. सेन्सर पाच व्होल्टचा, बोर्ड ३.३चा. त्यांच्या काळी नऊ व्होल्टच्या बॅटरीवर सगळं चालायचं. दीड-दोन व्होल्टचं काय एवढं?

उपाय मात्र त्यांना तोंडपाठ होता. रेझिस्टर लावून व्होल्टेज वाटून घ्यायचं. ऑनलाइन मागवले, तर कागदी पट्टीत तिळाहून लहान ठिपके आले. लांबी १.६ मिलिमीटर. पहिलाच चिमट्यातून सुटला आणि कूलरच्या वाऱ्यानं गेला. फरशीवर बराच वेळ हात फिरवून झाला. मग आप्पा उठले, माळ्यावरून बिस्किटांचा डबा काढला.

तपकिरी, काळा, लाल. एक किलो-ओहम. तीन सापडले. वर एक, खाली दोन. काट्याच्या जुन्या मीटरवर पाच व्होल्ट लावून पाहिलं: काटा ३.३च्या जवळ थांबला. त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्याकडे न बघता हसले.

(दृश्य: मे महिना. दुपार. रिकामी गल्ली.)

मे उजाडला आणि नवीच भानगड. भर दुपारी, नळ बंद असताना, फोनवर टाकीतलं पाणी वाढायचं. रात्री पुन्हा उतरायचं. मी म्हटलं, सेन्सर गेला. आप्पा दोन दिवस वहीत आकडे लिहीत बसले. तिसऱ्या दिवशी वही पुढे सरकवली.

हवा तापली की आवाज पळतो. २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, पुढे दर अंशाला साधारण ०.६ मीटर जास्त. आमच्या काळ्या टाकीत दुपारी ४५ अंश होते, म्हणजे वेग ३५८च्या आसपास. प्रतिध्वनी लवकर परततो, बोर्डाला वाटतं पाणी जवळ आलं. मीटरभर अंतराला चार सेंटिमीटरचा घोळ. कोडमधला ३४३ मी कुठल्यातरी थंड देशाच्या उदाहरणातून उचलला होता.

आता झाकणाखाली एक छोटा थर्मामीटरही आहे, डीएस १८बी २०. त्याला लागणारा ४.७ किलो-ओहमचा रेझिस्टरही डब्यातलाच.

(दृश्य: दुपारचे दोन. डोक्याला उपरणं, हातात खुणा केलेली काठी.)

आप्पा काठी बुडवतात, ओली खूण अंगठ्यानं धरतात, फोन उन्हाआड करून बघतात. काठी ६१, फोन ६१. पुन्हा बुडवतात.

खालून आईचा आवाज येतो. "टाकी भरनी का, वर जाईसन देखी या!"

आप्पा वरच आहेत.