अंशात कोण, छेदात कोण

[दृश्य: फोन-कक्ष, संध्याकाळ. रिंगचे आवाज एकमेकांवर चढतात. पडद्यावरची नावं आणि नंबर धूसर.]

फोन संध्याकाळीच करायचे, असं इथे ठरलेलं आहे. दिवसा केले तर नोकरीवाले उचलत नाहीत. उचललेच तर मीटिंग चालू असते. हेडफोन लावून बसलेली ही मुलंमुली स्वतः अजून शेवटच्या वर्षाला आहेत. समोरच्या यादीत त्यांच्याच विद्यापीठातून मागच्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांची नावं. फोन लावायचा, सध्या काय चाललंय ते विचारायचं, रकाना भरायचा, पुढचा नंबर.

"ताई, दोनच मिनिटं घेते. सध्या नोकरी चालू आहे, की पुढचं शिक्षण?"

"दोन्ही."

[दृश्य: की-बोर्डवर थबकलेली बोटं.]

सकाळी एका ऑफिसात हिशेबाचं काम, संध्याकाळी एम.कॉम.चे वर्ग. पडद्यावर मात्र एकच पर्याय निवडता येतो. मग फोन करणारी मुलगी विचारते, "दिवसातला जास्त वेळ कशात जातो?" तिला दिलेल्या मजकुरात हा प्रश्न नाही. तो तिने स्वतःच जोडलाय, आणि आम्हाला विचाराल तर अख्ख्या प्रश्नावलीत सगळ्यात शहाणा प्रश्न तोच आहे.

ब्रिटनच्या पाहणीत या अडचणीवर उपाय केलाय. तिथे पदवीधराने आधी आपण करतो ते सगळंच नोंदवायचं: नोकरी, शिक्षण, स्वतःचा व्यवसाय, घरच्या कुणाची काळजी घेणं. मग त्यातलं मुख्य कोणतं, तेही त्यानेच सांगायचं. दुसऱ्या कुणी अंदाज बांधायचा नाही.

प्रवेशाच्या दिवसांत फलकांवर आणि माहितीपुस्तकांत नोकरी लागलेल्यांचा जो टक्का ठळक छापतात, त्याची सुरुवात अशा खुर्चीवरून होते. इथून फलकापर्यंत तो कसा पोचतो, ते जरा सावकाश बघू.

[दृश्य: पडद्यावरचे रकाने, एकेक करून.]

पहिला रकाना, नोकरी. नोकरी कशाला म्हणायचं? देशोदेशीच्या कामगार पाहण्यांमध्ये जी व्याख्या वापरतात तिचं मूळ १९८२ सालचं आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने बोलावलेल्या सांख्यिकीतज्ज्ञांच्या परिषदेत ती ठरली. ठरलेल्या आठवड्यात मोबदल्यासाठी किमान १ तास काम केलं असेल, तर माणूस रोजगारात आहे असं धरायचं. देशभरातलं सगळं काम मोजायला ही व्याख्या सोयीची आहे. पण अभियांत्रिकीची पदवी हातात असलेला मुलगा आठवड्यातून एकदा शिकवणी घेत असेल, तर तोही याच रकान्यात जातो. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या पाहणीत दोन आकडे वेगळे देतात: कितीही तासांचं काम असलेले, आणि आठवड्याला ३५ तास किंवा त्याहून जास्त काम असलेले. पदवीनंतर लगेचच्या काळात या दोन आकड्यांमध्ये चांगलंच अंतर दिसतं.

[दृश्य: ऑफर लेटरच्या फाइली. पानं उलटणारे हात.]

ही कपाटं बघा. एकेका शाखेची, एकेका वर्षाची फाइल. मूल्यांकनाच्या वेळी 'नॅक'ला, म्हणजे महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय परिषदेला, पुरावा दाखवावा लागतो. किती विद्यार्थ्यांना नोकरी लागली आणि किती पुढच्या शिक्षणाला गेले, हा त्यांच्या निकषांपैकी एक निकष आहे. म्हणून कंपनीचं पत्र आलं की त्याची प्रत इथे येते, तिला क्रमांक मिळतो आणि ती फाइलला लागते.

पण पत्र आलं म्हणजे माणूस रुजू झाला असं नसतं. एका मुलाकडे तीन पत्रं असू शकतात. एखाद्या मुलीकडे पत्र असतं आणि रुजू होण्याची तारीख पुढे पुढे सरकत राहते. विद्यार्थी मोजले की पत्रं मोजली, हे फलकावर कधीच लिहिलेलं नसतं. या कक्षात विद्यार्थीच मोजतात. फाइलीच्या पहिल्या पानावर नावांची वेगळी यादी आहे, एका नावापुढे एकच खूण. आम्ही मुद्दाम कॅमेरा तिथे थांबवलाय.

[दृश्य: संकेतांक भरणारा तरुण. पडद्यावर वर्गवारीची झाड-आकृती.]

आता या कामातला सगळ्यात किचकट भाग. फोनवर समोरचा सांगतो, "मी एक्झिक्युटिव्ह आहे." म्हणजे नेमकं काय? बँकेत कर्जाची प्रकरणं तपासतो, कॉल सेंटरमध्ये तक्रारी ऐकतो, की गावोगावी औषधांचे नमुने घेऊन फिरतो? तिघांच्याही ओळखपत्रावर हाच शब्द असतो. म्हणून पुढचा प्रश्न विचारावाच लागतो: दिवसभर हाताने काय करता? त्या उत्तरावरून संकेतांक, म्हणजे त्या कामाचा वर्गवारीतला क्रमांक, ठरतो.

हे संकेतांक मनाला येतील तसे देत नाहीत. जगभरातले व्यवसाय १० मोठ्या गटांत मांडणारी आंतरराष्ट्रीय वर्गवारी आहे, २००८ सालची. भारताची २०१५ ची राष्ट्रीय वर्गवारी तिच्याच धर्तीवर बेतलेली आहे. ब्रिटनची वर्गवारी स्वतंत्र आहे, ९ मोठ्या गटांची. तिथे पहिले ३ गट, म्हणजे व्यवस्थापक, व्यावसायिक आणि सहव्यावसायिक, यांना उच्च कौशल्याची कामं समजतात. पदवीचं चीज झालं की नाही, हे त्यावरून जोखतात.

कृषी पदवी घेऊन जो मुलगा स्वतःची शेती करतो, त्याचं काय? ब्रिटनच्या वर्गवारीत शेतकरी पाचव्या गटात आहे, कुशल कारागिरांच्या सोबत. शेतीचा व्यवस्थापक मात्र पहिल्या गटात. जमीन तीच, पीक तेच, शिकलेलं सगळं रोज वापरात, आणि फोनवर "शेती करतो" म्हणालात की पदवीला साजेसं काम नाही अशी नोंद. "शेतीचं व्यवस्थापन बघतो" म्हणालात तर आहे. संकेतांक देणाऱ्या तरुणाला हे सांगितलं तर तो हसला. ते हसू शॉटमध्ये आलंय, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

[निवेदन नाही. फक्त कक्षातले आवाज.]

विचारायचं कधी, यावरही बरंच अवलंबून असतं. ब्रिटनमध्ये पूर्वी पदवीनंतर साधारण ६ महिन्यांनी विचारत, आणि विचारणारं त्या-त्या विद्यापीठाचंच कार्यालय असे. आपल्याच मुलांची आपणच परीक्षा घ्यायची, आणि निकालही आपणच लावायचा! २०१७-१८ च्या तुकडीपासून हे बदललं. आता साधारण १५ महिन्यांनी विचारतात आणि काम केंद्रीय यंत्रणा करते. ऑस्ट्रेलियात ४ ते ६ महिन्यांनी विचारतात, अमेरिकेत ६ महिन्यांच्या आतली स्थिती धरतात. तेव्हा एका देशाचा टक्का दुसऱ्या देशाच्या टक्क्याशेजारी ठेवताना ही तारीख आधी बघावी.

[दृश्य: फळा. खडूने आकडे लिहिले जातात.]

आता हा फळा. आकडे कल्पित आहेत, हिशेब समजण्यापुरते.

समजा १०० जण पदवीधर झाले. ६० जणांनी फोन उचलला. त्यातले ३० नोकरीत, १५ पुढे शिकतायत, ५ नोकरी शोधतायत, आणि १० जण म्हणाले, "स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, सध्या नोकरी शोधत नाही."

नोकरी आणि शिक्षण एकत्र केलं: ४५. ज्यांनी उत्तर दिलं त्या ६० शी तुलना केली: ७५ टक्के. तयारी करणारे १० जण "उपलब्ध नाहीत" म्हणून छेदातून काढले: ५० पैकी ४५, म्हणजे ९० टक्के. शिकणारेही काढले आणि फक्त नोकरी करणारे व शोधणारे ठेवले: ३५ पैकी ३०, जवळजवळ ८६. आणि पदवी घेतलेल्या सगळ्या १०० जणांपैकी नोकरीत किती? ३० टक्के.

एकाच यादीतून ९० निघाले आणि ३० सुद्धा. यात कुणी एकही आकडा खोटा लिहिलेला नाही. सगळ्यांचं लक्ष अंशाकडे असतं, आणि छेदातून माणसं एकेक करून बाहेर जात राहतात.

ऑस्ट्रेलियातला पूर्णवेळ नोकरीचा दर काढताना छेदात फक्त पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध असलेलेच पदवीधर धरतात, आणि तसं स्पष्ट सांगतातही. भारतात राष्ट्रीय संस्थात्मक मानांकनात, म्हणजे 'एनआयआरएफ'मध्ये, अभियांत्रिकी संस्थांसाठी नोकरी लागलेल्यांची टक्केवारी आणि उच्च शिक्षणासाठी निवड झालेल्यांची टक्केवारी सरळ बेरीज करून गुण देतात. वेतनाचा मध्यक, म्हणजे पगार चढत्या क्रमाने मांडले तर बरोबर मधला आकडा, वेगळा विचारतात. तो मध्यक नोकरी लागलेल्यांचाच असतो. ज्यांना लागली नाही ते त्याला खाली ओढत नाहीत.

उरले फोन न उचललेले ४०. त्यांचं काय झालं ते कुणालाच ठाऊक नाही, आणि कुणी विचारतही नाही. अमेरिकेत महाविद्यालयं आणि नोकरी देणाऱ्या कंपन्या यांची 'नेस' नावाची संघटना आहे. तिने याला एक माप दिलंय: एकूण पदवीधरांपैकी किती जणांची खात्रीची माहिती आहे, तो दर आधी जाहीर करा. पदवीच्या पातळीवर किमान ६५ टक्क्यांची माहिती असावी, असं त्यांचं म्हणणं. माहिती फोनवरूनच मिळायला हवी असंही नाही. प्राध्यापक सांगतील, कंपनी सांगेल, लिंक्डइनवरून कळेल. फलकावरच्या मोठ्या टक्क्याखाली हा दुसरा आकडा छापायला अर्धी ओळ पुरते.

[दृश्य: वाचनालय. लांब टेबलं, पाण्याच्या बाटल्या, कानात बोळे.]

हे वाचनालय पदवीधरांनी भरलेलं असतं. काही जण एम.ए., एम.एस्सी. करतायत. नोकऱ्या आटल्या की पुढच्या शिक्षणाचे अर्ज वाढतात, हे अनेक देशांच्या मंदीत दिसून आलंय. विषयाच्या ओढीने आलेला आणि दुसरं काही मिळालं नाही म्हणून आलेला, दोघांची नोंद एकच: "उच्च शिक्षण". आम्ही टेबलांवर फिरून विचारलं. काहींनी एका दमात दोन्ही कारणं सांगितली.

आणि शेजारच्या टेबलावर स्पर्धा परीक्षेवाले. नोकरी नाही म्हणून ते पहिल्या रकान्यात बसत नाहीत. कुठे प्रवेश घेतलेला नाही म्हणून दुसऱ्यातही नाहीत. नोकरी शोधत नाहीत, म्हणून कामगार पाहणीच्या नियमाने त्यांना बेरोजगारही म्हणता येत नाही. ते श्रमशक्तीच्या, म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे यांच्या मोजणीच्या, बाहेर. सकाळी दार उघडल्यापासून रात्री दिवे घालवेपर्यंत ते इथेच असतात. आमच्याकडे सगळ्यात जास्त चित्रीकरण यांचंच आहे.

[निवेदन नाही. टेबलांवरून सावकाश फिरणारा कॅमेरा.]

या आकड्यांवर काय काय ठरतं, ते थोडक्यात. इंग्लंडच्या नियामकाने पूर्णवेळ पहिल्या पदवीनंतर उच्च कौशल्याच्या कामात किंवा पुढच्या शिक्षणात गेलेल्यांसाठी ६० टक्क्यांची किमान पातळी ठेवली आहे, खाली गेल्यास विद्यापीठाला जाब द्यावा लागू शकतो. आपल्याकडे मूल्यांकन, मानांकन आणि त्यामागोमाग प्रवेश. पदवीधरांच्या बाजूने बघायचं तर २०२४ च्या भारत रोजगार अहवालानुसार २०२२ मध्ये तरुण पदवीधरांमधली बेरोजगारी २९.१ टक्के होती, लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधली ३.४ टक्के. मंदीत पदवी घेणाऱ्यांच्या कमाईवर त्याची छाया बरीच वर्षं राहते, असं कॅनडातल्या अभ्यासात आढळलंय.

[दृश्य: सर्व्हर, तक्ते, आलेख.]

फोन करूच नये, असाही एक मार्ग आहे. इंग्लंडमध्ये शिक्षणाच्या नोंदी थेट कराच्या नोंदींशी जोडतात आणि पदवीनंतर १, ३, ५ आणि १० वर्षांनी कोण किती कमावतं ते बघतात. कुणी उचललं नाही, कुणाला आठवलं नाही, ही भानगडच नाही. पण कराच्या नोंदीत कमाई दिसते, कामाचे तास दिसत नाहीत. अर्धवेळ काम करणारी आई आणि कमी पगारावर पूर्णवेळ राबणारा माणूस तिथे सारखेच दिसतात. "दिवसातला जास्त वेळ कशात जातो?" हे कर खात्याला विचारता येत नाही.

आणि ऑस्ट्रेलियावाले ३ वर्षांनी पुन्हा विचारतात. त्याच तुकडीला, त्याच लोकांना. तिथे दरवेळी दिसतं ते असं: सर्जनशील कला आणि मानव्यविद्यांचे पदवीधर पहिल्या काही महिन्यांत औषधनिर्माण किंवा वैद्यकशास्त्राच्या पदवीधरांपेक्षा फार मागे असतात, तिसऱ्या वर्षापर्यंत त्यातलं बरंचसं अंतर भरून निघालेलं असतं. पहिल्या वेळी "अजून काही नाही" म्हणणाऱ्यांपैकी कित्येक जण दुसऱ्या वेळी कामात असतात.

[दृश्य: फोन-कक्ष. दिवे चालू. याद्या बदलल्या जातात.]

या कक्षात दुसरा फोन होत नाही. नवी तुकडी आली की जुन्या यादीतले नंबर कुणी जपून ठेवत नाही. तो फोन करायचा ठरवलं तर खोली आहे, हेडफोन आहेत, फोन करणारी मुलं दरवर्षी नवी मिळतातच. तेवढे नंबर सांभाळून ठेवायला सांगायचं, आणि तिसऱ्या वर्षीची एक संध्याकाळ राखून ठेवायची.