गोचिडाच्या पोटातला जिवाणू कसा ओळखतात?

श्रोतेहो, नमस्कार.

जत-आटपाडीकडे काय किंवा पाटण-शिराळ्याकडे काय, जनावर तापलं, रवंथ करेना आणि कासेजवळ गोचीड दिसले की आपण एकच शब्द वापरतो : गोचीडताप. पण या एका शब्दाखाली निदान तीन आजार येतात. थायलेरिया आणि बबेसिया हे एकपेशीय परजीवी, तर ॲनाप्लाझ्मा हा जिवाणू. औषधंही निराळी. ऑक्सिटेट्रासायक्लिन ॲनाप्लाझ्मावर चालतं, बबेसियाला डायमिनाझिन लागतं आणि थायलेरियाला बुपार्वाक्वोन. माणसालाही गोचीड चावून रिकेट्सिया या जिवाणूचा ताप येतो. माळावरच्या नि जंगलातल्या गोचिडात यातलं नेमकं काय आहे, हे जनुकीय चाचणीनं शोधता येतं. मात्र उत्तर किती खरं, हे गोचीड कुठून आणि कसा धरला यावर बरंचसं ठरतं.

गवतावरचे गोचीड धरायला १ मीटर बाय १ मीटरचा पांढरा फ्लॅनेलचा कपडा काठीला बांधून गवतावरून सावकाश ओढतात. दर १० मीटरला थांबून कपडा उलटसुलट पाहायचा, कारण जास्त ओढत नेला तर चिकटलेले गोचीड गळून पडतात. दव वाळायच्या आत गेलात तर कपडा ओला होतो आणि हाती काही लागत नाही. कोयना-चांदोलीच्या जंगलात पावसाळा सरल्यावर, थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत, खसखशीएवढी पिल्लं आणि त्याहून थोड्या मोठ्या अवस्थेतले गोचीड जास्त मिळतात. ते क्षेत्र व्याघ्र प्रकल्पाचं आहे, तेव्हा वनखात्याची परवानगी आधी हवी.

माण, खटाव, आटपाडीच्या कोरड्या माळावर मात्र या कपड्याचा फारसा उपयोग नाही. तिथल्या हायलोमा जातीचे मोठे गोचीड गवताच्या शेंड्यावर बसून राहत नाहीत, ते भक्ष्याकडे पळत येतात. त्यांच्यासाठी कोरड्या बर्फाचा सापळा लावतात. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड त्यांना जनावराच्या श्वासासारखा वाटतो. गोठ्याच्या भिंतीच्या भेगाही चिमट्यानं तपासाव्यात.

धरलेला गोचीड ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा. फॉर्मॅलिनमध्ये कधीही नको, त्यानं डीएनए खराब होतो. आत टाकायची चिठ्ठी शिसपेन्सिलीनं लिहावी. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि गाव-तारीख नसलेला नमुना कितीही चांगला असला तरी बाद होतो. चिठ्ठीवर एक गोष्ट हमखास हवी : गोचीड गवतावरचा की जनावराच्या अंगावरचा? गायीच्या अंगावरून काढलेल्या, रक्तानं टरारलेल्या गोचिडात ॲनाप्लाझ्मा सापडला, तर तो गायीच्या रक्तातला असू शकतो. उपाशी गोचिडात सापडला, तर तो आधीच्या अवस्थेपासून टिकून आलेला असतो. उपाशी पिल्लात रिकेट्सिया मिळाला तर तो आईकडून अंड्यातून आलेला.

प्रयोगशाळेत आधी सूक्ष्मदर्शकाखाली जात ओळखायची, मग अल्कोहोल आणि निर्जंतुक पाण्यानं बाहेरचा मळ धुवायचा. मोठा गोचीड एकेक घेतात, पिल्लं गटानं. दळायचं काम जैवसुरक्षा कपाटातच करायचं, कारण क्यू-फीव्हर या तापाचा कॉक्सिएला हा जिवाणू हवेतून श्वासात जातो. प्रोटिनेज-के हे प्रथिनं विरघळवणारं विकर घालून ५६ अंश सेल्सियसला रात्रभर ठेवलं की ऊती विरघळतात आणि डीएनए वेगळा काढता येतो.

यापुढचं काम पीसीआरचं, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढून तो ओळखण्याचं. रिकेट्सियासाठी पहिल्यांदा जीएलटीए हे जनुक तपासतात. हवा तो तुकडा नेमका पकडणाऱ्या नेहमीच्या प्रायमर जोडीनं ३८१ बेस-जोड्यांचा तुकडा मिळतो. तो आला तर ओम्प-ए तपासतात. हे जनुक मुख्यतः रिकेट्सियाच्या पुरळताप देणाऱ्या गटात असतं, म्हणून त्यानं गट पक्का होतो. जात ठरवायची तर तुकड्याचा क्रम वाचावाच लागतो, डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर दिसणाऱ्या पट्ट्यावर जात लिहिलेली नसते.

गडबड होते ती दोन्ही बाजूंनी. रक्त प्यायलेल्या गोचिडातलं हीम, म्हणजे रक्ताला लाल रंग देणारा घटक, पीसीआर अडवतं आणि जिवाणू असूनही निकाल 'नाही' येतो. म्हणून गोचिडाचं स्वतःचं एखादं जनुक सोबत तपासायचं. तेही आलं नाही तर तो 'नाही' मोजायचा नाही. डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावायचा. उलट, आधीच्या चाचणीतले तुकडे हवेत किंवा पिपेटवर (थेंब मोजून घ्यायच्या साधनावर) राहिले तर सगळेच नमुने 'आहे' म्हणतात. त्यासाठी मिश्रण करण्याची खोली आणि जेल चालवण्याची खोली वेगळी हवी, आणि प्रत्येक वेळी नुसत्या पाण्याची एक नळी. ती पाण्याची नळी 'आहे' म्हणाली की त्या दिवसाचं सगळं काम रद्द. इथं भीडमुर्वत नको.

कॉक्सिएलाच्या बाबतीत जास्त जपायला हवं. आयएस-११११ हा तुकडा त्याच्या गुणसूत्रात अनेकदा असतो, म्हणून चाचणी फार संवेदनशील. पण गोचिडाच्या शरीरात कायम राहणाऱ्या, निरुपद्रवी कॉक्सिएलासारख्या जिवाणूंतही तो मिळतो. दुसरं जनुक तपासल्याशिवाय क्यू-फीव्हर जाहीर करणं म्हणजे मेंढपाळांना उगाच घाबरवणं.

आकडा सांगतानाही चूक होते. २०० गोचिडांचे दहा-दहाचे २० गट केले आणि ३ गट 'आहे' आले, तर ते १५ टक्के नव्हेत. एका गटातले किती बाधित ते कळत नाही, म्हणून किमान ३ गोचीड बाधित, म्हणजे किमान दीड टक्का, एवढंच म्हणता येतं.

गोचिडामुळेच होणारा माकडताप मात्र या सगळ्यात बसत नाही. तो विषाणूचा आजार आहे, त्याची चाचणी आरएनएवर होते आणि नमुना थंड साखळीत पाठवावा लागतो.

आता घरचं. अंगावरचा गोचीड बारीक चिमट्यानं, कातडीला लागून धरावा आणि सरळ वर ओढावा. रॉकेल, तंबाखू, काडीचा चटका नको. नखांमध्ये चिरडू नये, बोटावरच्या बारीक जखमेतून जिवाणू आत जातो. पुढच्या दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, तळहात-तळपायावर पुरळ किंवा चावल्या जागी काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना गोचिडाचं आपणहून सांगा, कारण ते तुम्ही रानात गेला होता हे ओळखू शकत नाहीत. रिकेट्सियाच्या तापावर डॉक्सिसायक्लिन चालतं आणि लक्षणांवरून संशय आला तर ते अहवाल येण्याआधीच सुरू करतात. काढलेला गोचीड टाकू नका. अल्कोहोलच्या बाटलीत, पेन्सिलीच्या चिठ्ठीसह, डॉक्टरांकडे घेऊन जा.

नमस्कार.