टिकून राहिलेली फौज

मित्रहो, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाबद्दल शाळेत आपण दोन गोष्टी शिकतो. बोस्टनच्या बंदरात चहा फेकला, आणि जॉर्ज वॉशिंग्टननं इंग्रजांना हरवलं. पहिली गोष्ट बरोबर आहे. 16 डिसेंबर 1773 च्या रात्री तीन जहाजांवरच्या 342 पेट्या पाण्यात गेल्या, आणि तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. दुसरी गोष्ट मात्र तपासून घ्यायला हवी. आठ वर्षांत वॉशिंग्टननं जिंकल्या त्याहून जास्त लढाया हरल्या. न्यूयॉर्क त्याच्या हातून गेलं. ज्या फिलाडेल्फियात स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला, ते शहरही गेलं. तरी शेवटी गाशा गुंडाळला तो इंग्रजांनी. असं का झालं, हे आज मला मांडायचं आहे.

कारणांमध्ये मी फार शिरत नाही. 1763 साली सात वर्षांचं युद्ध संपलं, इंग्लंड जिंकलं आणि कर्जात बुडालं. हे कर्ज अमेरिकेतल्या वसाहतींनीही फेडायला हातभार लावावा, असं लंडनला वाटलं. 1765 चा स्टॅम्प कायदा, मग आयात मालावरचे कर, मग चहाचं प्रकरण. वसाहतींचं म्हणणं एवढंच होतं की ज्या पार्लमेंटात आमचा माणूस बसत नाही, त्यानं आमच्यावर कर बसवू नये. चहानंतर इंग्रजांनी बोस्टनचं बंदरच बंद केलं, आणि तिथून समेटाची वाट संपली.

19 एप्रिल 1775 ला इंग्रज सैन्य बोस्टनहून कॉन्कर्ड गावी निघालं. कशासाठी? तिथं साठवलेला दारूगोळा जप्त करायला. हे लक्षात ठेवा, कारण पुढची आठ वर्षं हे युद्ध दारूगोळा, पीठ, बूट आणि पगार यांच्याभोवतीच फिरत राहिलं. त्या दिवशी परतीच्या वाटेवर गावोगावच्या हत्यारबंद शेतकऱ्यांनी कुंपणांआडून, झाडांआडून इंग्रजांना झोडपलं. मेलेले, जखमी आणि बेपत्ता धरून त्यांनी अडीचशेहून जास्त माणसं गमावली.

जुलैत वॉशिंग्टन बोस्टनच्या वेढ्यावर रुजू झाला. ऑगस्टच्या सुरुवातीला कोठारांचा खरा हिशेब त्याच्यापुढे आला. बंदुकीची दारू इतकी कमी होती की दर सैनिकाच्या वाट्याला जेमतेम नऊ बार येत होते. हे ऐकून सरसेनापती अर्धा तास एक शब्दही बोलला नाही, असं जॉन सुलिव्हन या त्याच्या सेनानीनं पत्रात लिहिलं आहे. समोर बोस्टनमध्ये जगातल्या उत्तम सैन्यांपैकी एक बसलेलं, आणि आपली कोठारं रिकामी आहेत हे त्यांना कळता कामा नये! मला तर या युद्धातला सगळ्यात मोठा पराक्रम त्या गप्प राहण्यात दिसतो. महिनोन् महिने त्यानं वेढा चालू ठेवला, आणि गुपित फुटू दिलं नाही.

दारू का नव्हती? कारण दारूला सोरा हा क्षार लागतो. उत्तम सोरा बिहारमधून येत होता, आणि प्लासीनंतर तो इंग्रजांच्या मुठीत होता. वसाहतींना बंदुकीची दारू आणावी लागली ती चोरवाटांनी : फ्रान्समधून, कॅरिबियन बेटांवरच्या डच आणि फ्रेंच बंदरांतून. फ्रान्सच्या राजानं तर एक बनावट व्यापारी पेढी उभी करायला गुपचूप पैसे दिले आणि तिच्यामार्फत बंदुका, तोफा, दारू पाठवली. फ्रान्स युद्धात उघड उतरला 1778 मध्ये, पण त्याआधीच त्याची दारू अमेरिकन बंदुकांतून उडत होती.

तोफांचीही तीच गत. हेन्री नॉक्स नावाचा पंचविशीतला पुस्तकविक्रेता, तोफखान्याबद्दल त्याला माहीत होतं ते पुस्तकं वाचून. तो उत्तरेला टिकोंडेरोगाच्या किल्ल्यावर गेला आणि भर हिवाळ्यात, बर्फावरून, बैल जुंपलेल्या घसरगाड्यांवर सुमारे साठ तोफा बोस्टनपर्यंत ओढून आणल्या. मार्च 1776 मध्ये त्या एका रात्रीत टेकडीवर चढवल्या. सकाळी इंग्रजांनी वर पाहिलं, आणि दोन आठवड्यांच्या आत शहर सोडलं.

त्याच वर्षी उन्हाळ्यात मात्र न्यूयॉर्कपुढे इंग्रजांचं तीसेक हजारांचं सैन्य उतरलं. त्यात भाड्यानं आणलेले जर्मन शिपाईही होते. लाँग आयलंडवर वॉशिंग्टन सपाटून हरला, पाठीशी नदी, आणि युद्ध तिथंच संपायचं. पण 29 ऑगस्टच्या रात्री मार्बलहेडच्या कोळ्यांनी होड्या वल्हवत सुमारे नऊ हजार माणसं पलीकडे काढली. पहाटे धुकं पडलं, ते उपयोगी आलं. तिथून वॉशिंग्टनचं धोरण ठरलं असं मी मानतो. शहरं जाऊ देत, फौज जाता कामा नये. इंग्रजांना देश ताब्यात ठेवायचा होता. याला फक्त नाहीसं व्हायचं नव्हतं.

आपल्याकडे लगेच कुणीतरी म्हणतं, हा तर गनिमी कावा. थोडा होता, विशेषतः दक्षिणेत. साउथ कॅरोलिनाच्या दलदलीत फ्रान्सिस मॅरियनची टोळी इंग्रजांची रसद मारायची. पण वॉशिंग्टनला स्वतःला हवी होती ती पगारी, कवायती, युरोपच्या तोडीची फौज. शेतीच्या हंगामाला घरी पळणाऱ्या मिलिशियावर, म्हणजे गावोगावच्या हत्यारबंद शेतकऱ्यांवर, त्याचा विश्वास नव्हता, त्याची पत्रं त्या तक्रारींनी भरलेली आहेत.

आणि ही फौज दर डिसेंबरला विरघळायची! नोकरीची मुदत वर्षाची, 31 डिसेंबरला संपायची. 1776 च्या नाताळच्या रात्री बर्फाचे तुकडे वाहणाऱ्या डेलावेअर नदीतून 2,400 माणसं घेऊन त्यानं ट्रेंटन गाठलं आणि नऊशेच्या आसपास जर्मन शिपाई कैद केले. हे चित्र सगळ्यांना माहीत असतं. पण त्यानंतरचे पाच दिवस मला अधिक मोलाचे वाटतात. मुदत संपत आलेली. त्यानं पलटणीपुढे उभं राहून सांगितलं, आणखी सहा आठवडे थांबा, दहा डॉलर जादा देतो. नगारे वाजले. कुणीच पुढे आलं नाही. त्यानं घोडा वळवला, परत समोर आला, पुन्हा बोलला. मग एकेक जण पुढे येऊ लागला. ते दहा डॉलर त्याच्याकडे नव्हते. फिलाडेल्फियाचा व्यापारी रॉबर्ट मॉरिस यानं पैसे उभे करून पाठवले.

गोळ्यांपेक्षा माणसं रोगानं जास्त मरत होती. 1777 च्या सुरुवातीला वॉशिंग्टननं सगळ्या फौजेला देवी टोचून घ्यायचा हुकूम दिला. जेन्नरची लस अजून निघाली नव्हती, म्हणजे खऱ्या देवीचाच पू टोचायचा. टोचलेला माणूस काही आठवडे आजारी पडणार, आणि ते शत्रूला कळलं तर खेळ खलास. त्यानं ती जोखीम घेतली, कारण तरुणपणी बार्बेडोसला त्याला स्वतःला देवी आल्या होत्या. व्हॅली फोर्जच्या छावणीत 1777-78 च्या हिवाळ्यात तरीही दोनेक हजार माणसं मेली, बहुतेक तापानं आणि हगवणीनं.

माणसांचा प्रश्न निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं अन्यायाचं होईल. नोव्हेंबर 1775 मध्ये व्हर्जिनियाच्या इंग्रज गव्हर्नरनं जाहीर केलं : बंडखोर मालकांचे जे गुलाम आमच्या बाजूनं लढतील, ते मुक्त. हजारो पळाले. त्यांत वॉशिंग्टनच्या मळ्यावरचा हॅरी वॉशिंग्टनही होता. युद्ध संपल्यावर तो इंग्रजांबरोबर नोव्हा स्कोशियाला गेला, तिथून आफ्रिकेत सिएरा लिओनला. तिथल्या कंपनीनं जमिनीवर सारा बसवला, तेव्हा 1800 साली त्याविरुद्ध उठलेल्या लोकांत तो होता, आणि त्याला हद्दपार व्हावं लागलं. अमेरिकेच्या बाजूनंही काही हजार काळे सैनिक लढले. सगळी माणसं जन्मतः समान आहेत असं लिहिणाऱ्या देशात गुलामी पुढे ऐंशी वर्षं राहिली. मी या युद्धाचा चाहता आहे, पण हे मला टोचतं, आणि टोचायलाच हवं.

ऑक्टोबर 1777 मध्ये साराटोगाला एक अख्खी इंग्रज फौज शरण आली. फ्रान्सनं उघड तह केला, मग स्पेन आणि हॉलंडही इंग्लंडशी लढू लागले. आता इंग्लंडला एकाच वेळी किती ठिकाणी लढायचं होतं ते पाहा. कॉन्कर्डच्या वाटेवर लेक्सिंग्टनला युद्धाची पहिली गोळी सुटली त्याच्या महिनाभर आधी, मार्च 1775 मध्ये, मुंबईच्या इंग्रजांनी सुरतेला राघोबादादांशी तह केला होता. जानेवारी 1779 मध्ये वडगावला मराठ्यांनी इंग्रज सैन्याला कोंडून नाक घासायला लावलं. 1780 मध्ये हैदर कर्नाटकात उतरला. या बातम्या अमेरिकेत पोचत होत्या. 1782 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या एका लढाऊ जहाजाचं नावच ‘हैदर अली’ होतं, आणि त्या जहाजानं डेलावेअरच्या मुखाशी एक इंग्रज जहाज पकडलं.

दक्षिणेतली इंग्रजांची मोहीम लॉर्ड कॉर्नवॉलिसकडे होती. त्याच्यासमोर अमेरिकन सेनानी नॅथानिएल ग्रीन. ग्रीननं एकही मोठी लढाई धड जिंकली नाही. त्याचं वाक्य आहे : आम्ही लढतो, मार खातो, उठतो आणि पुन्हा लढतो. जानेवारी 1781 मध्ये त्याला गाठण्यासाठी कॉर्नवॉलिसनं आपलंच सामानसुमान जाळलं. गाड्या, तंबू, शिधा, रमची पिंपंसुद्धा. पण ग्रीननं डॅन नदीवरच्या होड्या आधीच गोळा करून ठेवल्या होत्या. तो पार झाला, कॉर्नवॉलिस काठावर उपाशी राहिला. मार्चमध्ये गिलफर्डला इंग्रज जिंकले, पण एकोणीसशेतली पाचशेहून जास्त माणसं गमावून. ती दमलेली फौज व्हर्जिनियात यॉर्कटाउनला समुद्रकाठी येऊन बसली, आरमार येईल या भरवशावर. आरमार आलं ते फ्रेंचांचं. 19 ऑक्टोबर 1781 ला सात हजारांवर माणसं शरण आली. कॉर्नवॉलिस आजाराचं कारण सांगून स्वतः आलाच नाही.

सहा महिन्यांत लंडनमधलं सरकार पडलं. मे 1782 मध्ये इंग्रजांनी आपल्याशी सालबाईचा तह केला, आणि सप्टेंबर 1783 मध्ये पॅरिसला अमेरिकेचं स्वातंत्र्य मान्य केलं.

कॉर्नवॉलिसचं पुढे काय झालं, हे पुण्यात सांगायलाच हवं. 1786 मध्ये तो गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. मे 1791 मध्ये तो टिपूच्या श्रीरंगपट्टणपर्यंत पोचला आणि पुन्हा त्याच संकटात सापडला : बैल मेलेले, धान्य संपलेलं, पाऊस सुरू. वेढ्याच्या तोफा त्याला स्वतःच्या हातानं निकामी कराव्या लागल्या. फौज माघारी फिरली, आणि वाटेत तिला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा भेटल्या, त्या वेळी इंग्रजांच्या मित्र. त्यांच्या छावणीतला बाजार भरलेला होता. भाव चढे होते, पण धान्य होतं, बैल होते. अमेरिकेत असा बाजार त्याला कुणी उघडून दिला नव्हता. मराठ्यांनी दिला, आणि पुढच्या वर्षी त्यानं टिपूचं अर्धं राज्य घेतलं.