हळद, पेव आणि परीक्षकाचं कपाट

(पेटंट कार्यालयांच्या आंतरराष्ट्रीय सहकार्यावर एका पेटंट वकिलाने सांगलीत लघुउद्योजक आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सांगलीत येऊन हरिपूरच्या पेवांबद्दल बोलणं म्हणजे मामाच्या गावी जाऊन मामालाच गाव दाखवण्यासारखं आहे. तरी सुरुवात तिथूनच करतो. जमिनीत खोल खड्डा, तोंड लहान, आत पोत्यांच्या हिशेबाने हळद. वर्षानुवर्षं टिकायची. आता महापुरांनी त्यातली बरीच पेवं गेली. पण वरून चालत जाणाऱ्याला पायाखाली काय आहे याचा पत्ता लागत नसे, ही गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याला पुन्हा तिच्याकडे यायचंय.

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत एक पेटंट मंजूर झालं. जखम भरण्यासाठी हळदीचा वापर. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राचं पेटंट, आणि संशोधक दोघे भारतीय वंशाचे. आपल्याकडे गुडघा फुटला की आई हळद दाबते, आणि तिकडे त्याच गोष्टीवर मालकी. मग आपल्या सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर, म्हणजे गोव्यातल्या माशेलचे, यांच्या काळात फेरतपासणीचा अर्ज केला आणि १९९७ मध्ये त्या पेटंटमधले दावे, म्हणजे नेमका कशावर हक्क आहे हे सांगणारी वाक्यं, फेटाळले गेले. ही कथा तुम्ही ऐकलेली असणार. तिच्यातली एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही.

ते पेटंट तपासून मंजूर करणाऱ्या अमेरिकी परीक्षकाला आपण शिव्या घालतो. पण त्याच्या देशाचा तेव्हाचा कायदा बघा. एखादी गोष्ट अमेरिकेत वापरात असेल तर ती आधीपासून माहीत आहे असं धरायचं. परदेशात नुसती वापरात असेल तर धरायची नाही. परदेशातलं काही धरायचं तर ते छापलेलं हवं, किंवा पेटंट झालेलं. २०१३ मध्ये हा नियम बदलला, पण ते खूप नंतर. तेव्हा आईच्या हातातली हळद पुराव्यात बसत नव्हती. म्हणून सीएसआयआरला छापील संदर्भ गोळा करावे लागले, बत्तीस. त्यात इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा लेख होता. थोडक्यात, परीक्षक चोर नव्हता. त्याच्या कपाटात आपला कागद नव्हता.

पेटंट कार्यालयांच्या आंतरराष्ट्रीय सहकार्याबद्दल मला जे म्हणायचंय ते सगळं या कपाटापाशी आहे. कपाटं एकमेकांना उघडी करा. निकाल मात्र ज्याचा त्याने द्यावा.

आता जरा पसारा बघू. जगात वर्षाला पस्तीस लाखांहून जास्त पेटंट अर्ज दाखल होतात, त्यातले निम्म्याच्या आसपास एकट्या चीनमध्ये. अक्षरशः पेव फुटलंय. एकच यंत्र पाच देशांत दाखल केलं की ‘हे आधी कोणी काढलंय का’ याचा तोच शोध पाच परीक्षक पाच वेळा घेणार. हे वाचवावं म्हणून १९७० साली वॉशिंग्टनमध्ये पेटंट सहकार्य करार झाला. आपण त्याला पीसीटी म्हणतो. काम १९७८ मध्ये सुरू झालं आणि भारत आत आला डिसेंबर १९९८ मध्ये. ‘पीसीटी पेटंट मिळालं’ असं बॅनर छापणारे लोक मी पाहिलेत. असं पेटंट नसतं हो! पीसीटी हा फक्त अर्ज. तो एक आंतरराष्ट्रीय शोध अहवाल आणि एक लेखी मत मिळवून देतो, आणि थोडा वेळ देतो. पेटंट देणार की नाही हे प्रत्येक देश स्वतंत्रपणे ठरवतो.

तो शोध अहवाल म्हणजे दोन-चार पानांचा तक्ता. डावीकडच्या रकान्यात रोमन लिपीतलं एकच अक्षर असतं, त्यावर सगळा खेळ. ‘ए’ असेल तर निवांत चहा प्या, तो कागद नुसता पार्श्वभूमीचा. ‘वाय’ असेल तर तो दुसऱ्या एखाद्या कागदाशी जोडला की तुमच्या आड येतो. आणि ‘एक्स’ असेल तर तुमची वाट अडवायला तो एकटाच पुरेसा आहे.

माझे एक अशील आहेत, इथल्याच एमआयडीसीतले. हळद वाफेवर शिजवायचं यंत्र. शिक्षण दहावी, डोकं तल्लख. मुंबईत अर्ज केला, बारा महिन्यांच्या आत पीसीटी केलं, शोधासाठी आम्ही युरोपीय पेटंट ऑफिस निवडलं. अहवाल आला तो ‘एक्स’ घेऊनच. एक जुना जपानी कागद. मी भाषांतर करायला टाकलं, पण ते येईपर्यंत या गृहस्थांना धीर कुठला! माझ्या ऑफिसात आले, स्क्रीनवरची आकृती बघितली. दोन पिंपं, मध्ये वाफेची नळी. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “वकीलसाहेब, हे माझंच की हो!” कुठल्याशा कंदमुळासाठी कोणीतरी जपानमध्ये ते आधीच काढून ठेवलं होतं. पण मग त्यांनीच बोट ठेवलं: खालचं पाणी काढायची जी झडप आहे, ती जपान्याकडे नाही. दावे आम्ही त्या झडपेपुरते आवळले. पेटंट बारकं झालं, पण टिकाऊ झालं. हा कागद त्यांना पाच देशांत फी भरून झाल्यावर दिसला असता तर? युरोपच्या कपाटात जपानचे कागद होते म्हणून मिरजेच्या बाजूच्या माणसाचे पैसे वाचले. आता आपलं भारतीय ऑफिससुद्धा ऑक्टोबर २०१३ पासून असे आंतरराष्ट्रीय शोध घेतं, ही गोष्ट आपल्याच लोकांना फारशी ठाऊक नाही.

पुढची पायरी म्हणजे एकमेकांच्या तपासणीचा आधार घेणं. त्याला पीपीएच, म्हणजे पेटंट प्रॉसिक्युशन हायवे म्हणतात. पहिला प्रयोग २००६ मध्ये अमेरिका आणि जपानने केला. एका देशाने तुमचे दावे मंजुरीयोग्य ठरवले की दुसऱ्या देशात तुम्ही रांगेत पुढे उभे राहू शकता. रांगेत पुढे, एवढंच. खिडकीवरचा माणूस तुमचा कागद तपासणारच. भारताने जपानबरोबर डिसेंबर २०१९ मध्ये असा प्रयोग सुरू केला, तोही वर्षाला शंभर अर्जांची मर्यादा घालून आणि ठरावीक तांत्रिक क्षेत्रांपुरता. काहींना ही चाल कासवाची वाटली. मला ती शहाणपणाची वाटते. पेवाचं तोंड उघडलं म्हणून कोणी लगेच आत उडी मारत नाही. आत कोंडलेली हवा जीव घेते, हे हरिपूरच्या म्हाताऱ्यांना विचारा.

कारण कायदे वेगळे आहेत. इमॅटिनिब या कर्करोगाच्या औषधाच्या एका स्फटिकरूपाला अमेरिकेसह अनेक देशांत पेटंट मिळालं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी ते नाकारलं, कलम ३(ड) दाखवून. जुन्याच द्रव्याचं नवं रूप आहे, तर उपचाराचा परिणाम वाढलाय हे दाखवा, असं ते कलम म्हणतं. उद्या परकी मंजुरीवर आपल्या परीक्षकाने नुसता शिक्का मारायचा ठरवलं, तर ते कलम कागदावरच राहील. उलटंही खरं आहे. परकी अहवालातली वाक्यं जशीच्या तशी उतरवून आक्षेप पाठवणारे परीक्षक मला भेटलेत. कुठल्या देशातले ते सांगत नाही. आमच्या दाव्यांची संख्या बदलली होती, तरी आक्षेपात जुनाच दावा क्रमांक! कॉपी करायची तर निदान पेपर तरी तोच हवा ना.

२०१८ मध्ये अमेरिका, युरोप, जपान, कोरिया आणि चीन या पाच मोठ्या कार्यालयांनी एक वेगळा प्रयोग सुरू केला. एक परीक्षक मसुदा लिहितो, बाकी चार ठिकाणचे परीक्षक त्यावर आपापले संदर्भ आणि मत पाठवतात, मग पहिला अंतिम अहवाल करतो. कल्पना मला फार आवडते. पण एका अर्जाला पाच परीक्षक म्हणजे खर्चही पाच जणांचा.

आता पुन्हा आपल्या पेवाकडे, म्हणजे वरून न दिसणाऱ्या आपल्या ज्ञानाकडे. हळदीच्या प्रकरणानंतर भारताने २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय, म्हणजे टीकेडीएल, उभारायला घेतलं. संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू, तमिळ ग्रंथांमधले योग, म्हणजे औषधांचे नुस्खे, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानीत आणले. आज चार लाखांवर नोंदी आहेत. फेब्रुवारी २००९ मध्ये युरोपीय ऑफिसबरोबर करार झाला, त्याच वर्षी अमेरिकेबरोबर. परीक्षक पाहू शकतात, संदर्भ म्हणून देऊ शकतात, पण बाहेर वाटायचं नाही. आणखी एक काम याच सुमारास झालं, तेही मला तितकंच मोठं वाटतं. पेटंटांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात औषधी वनस्पतींना पूर्वी जेमतेम एक खण होता. २००६ पासून त्याचे सुमारे दोनशे खण झाले. खणच नसेल तर कागद सापडणार कुठे?

तक्रार करायची तर एक आहे. टीकेडीएल ग्रंथांवर उभं आहे. मेळघाटातल्या वैदूला जे तोंडी ठाऊक आहे ते कुठल्याच ग्रंथात नाही, आणि ते छापायचं की झाकून ठेवायचं हे त्यानेच ठरवायला हवं. आपण मुंबईत किंवा दिल्लीत बसून नव्हे.

मघाशी एका विद्यार्थिनीने चिठ्ठी पाठवली आहे: ‘प्रोजेक्टचा अर्ज भारतात केलाय, परदेशात कधी करायचा?’ पहिल्या अर्जाची तारीख बघ. तिथून बारा महिन्यांत पीसीटी. पीसीटीतून भारतात शिरायचं असेल तर त्याच पहिल्या तारखेपासून एकतीस महिने, बहुतेक देशांत तीस. परदेशी अर्जांची माहिती आपल्या ऑफिसला फॉर्म ३ मध्ये द्यावी लागते. २०२४ मध्ये नियम बदललेत, पहिला तपासणी अहवाल आल्यापासून तीन महिन्यांत फॉर्म पुन्हा भरायचाय. आणि शोध अहवालात ‘एक्स’ दिसला तर रडत बसू नकोस. आधी आकृती बघ, मग झडप शोध.