कवितेचा माग काढत राक्षसापर्यंत

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनच्या पश्चिमेला, रोडोव्रे उपनगरातल्या झाडीत लुई नावाचा हा लाकडी राक्षस झोपला आहे. तोंड सताड उघडं, आणि त्या तोंडातून मुलं सरळ आत शिरतात.

थोडं जवळून बघूया. कुठली फळी करडी, कुठली पिवळट. एकीला जुन्या खिळ्यांची भोकं, दुसरीचा कोपरा उडालेला. मोडीत निघालेली पॅलेट्स (माल रचायच्या लाकडी चौकटी), टाकून दिलेल्या फळ्या यांतूनच हे सगळं अंग उभं राहिलं.

डॅनिश कलाकार थॉमस डाम्बो याने 2016 साली असे सहा राक्षस शहराच्या पश्चिम पट्ट्यात बसवले. चेहरा, हात, पाय तो आधी कार्यशाळेत घडवतो. धड मात्र जागेवर, स्थानिक स्वयंसेवकांना हाताशी धरून. म्हणून राक्षसांची नावंही माणसांची आहेत: लुई, टेडी, ट्रिने, टिल्डे, ऑस्कर, थॉमस. मदतीला आलेल्यांचीच ती नावं.

आता हा दगड पाहा. प्रत्येक राक्षसाजवळ असा एक दगड असतो आणि त्यावर कविता कोरलेली असते. कवितेत शोधाची खूण दडलेली आहे. सोबत खजिन्याचा असावा तसा नकाशा. बाण काढलेली पाटी माणूस न थांबता वाचतो आणि पुढे जातो. कविता वाचून वाट शोधायची, तर पाणी कुठे, टेकडी कुठे, झाडी कुठे दाट, हे बघावंच लागतं. ही वाट आम्हाला आवडली ती यासाठी.

ही हिरवाई आपोआप उरलेली नाही. 1947 च्या आराखड्यात कोपनहेगनची वाढ रेल्वेमार्गांच्या कडेने, हाताच्या बोटांसारखी आखली गेली आणि बोटांमधली जागा मोकळी ठेवायचं ठरलं. अल्बर्ट्सलुंड उपनगराजवळचं वेस्टस्कोवेन तर 1967 पासून शेतजमिनींवर मुद्दाम लावलेलं जंगल. पण पश्चिमेची ही उपनगरं बाहेरच्यांना माहीत होती ती काँक्रीटच्या इमारतींसाठी. इतकी जपलेली हिरवाई, आणि पाहुणा मात्र राजधानीच्या मध्यावरूनच परत फिरायचा.

होये तास्त्रुपचा हा टेडी. पाण्यापलीकडे जाणाऱ्याला आधार द्यायला हात पुढे केलेला. व्हिडोव्रेची ट्रिने टेकडीवर आहे. तिच्या हाताच्या तळव्यात चढून उभं राहिलं की आसपासचा सगळा परिसर दिसतो. व्हालेन्सबेकच्या टिल्डेच्या अंगात पक्ष्यांसाठी घरं बसवली आहेत.

गर्दीचा प्रश्नही येतो. अमेरिकेत ब्रेकनरिज गावात डाम्बोचाच एक राक्षस 2018 मध्ये लोकांच्या रेट्यामुळे काढावा लागला; पुढच्या वर्षी तो दुसऱ्या पायवाटेवर उभा राहिला.

इथे सुरुवात कुठूनही करता येते. लोकल गाडीने उपनगर गाठायचं आणि चालायला लागायचं.