घर दुसऱ्यांदा पाहताना

(दृश्य : रिकामी खोली. खिडकीतून आलेले ऊन भिंतीवर पडले आहे आणि एक तळहात त्या भिंतीवरून हळूहळू खाली येतो आहे.)

ही भिंत नुकतीच रंगवलेली आहे. रंग एकसारखा बसला आहे, कोपरे स्वच्छ आहेत आणि डोळ्यांना खटकावे असे काहीच दिसत नाही. पण तळहात जमिनीपासून वीतभर उंचीवर आला की भिंत गार लागते, आणि नखाने किंचित दाबले तर रंगाखालचा गिलावा भुसभुशीत होऊन आत जातो. घर पाहायला आलेली माणसे सहसा इथे हात लावत नाहीत. ती उजेड पाहतात, खोल्यांचा मोकळेपणा पाहतात, कपाट कुठे ठेवायचे आणि मुलांनी कुठे बसून अभ्यास करायचा याचे बेत करू लागतात, आणि त्या बेतांतच निम्मा निर्णय होऊन गेलेला असतो. मनात भरल्याशिवाय घर घेऊही नये. मात्र मनात भरलेले घर आणखी एकदा, या वेळी केवळ तपासण्यासाठी पाहावे आणि पैशांचे बोलणे त्यानंतरच सुरू करावे, असे आम्हाला कळकळीने सांगावेसे वाटते.

या दुसऱ्या भेटीत सर्वांत आधी पाण्याचा माग काढावा. विटेत आणि गिलाव्यात अतिशय बारीक छिद्रे असतात. जमिनीतले पाणी त्यांतून वर चढते आणि बहुधा मीटरभर उंचीच्या आतच थांबते, कारण तोवर भिंतीच्या पृष्ठभागावरून त्याची वाफ होऊन गेलेली असते. पाणी उडून जाते, पण त्यात विरघळून आलेले क्षार मागे राहतात, आणि भिंतीला लोणा लागला असे आपण म्हणतो तेव्हा ती पांढरी पूड याच क्षारांची असते. नवा रंग ती काही काळ झाकतो; पाण्याची वाट मात्र तशीच उघडी राहते. म्हणून ओल दिसली की ती किती आहे यापेक्षा ती कुठून येते हे विचारावे. जमिनीलगत सलग पट्टा असेल तर पाणी खालून येत असण्याची शक्यता अधिक. छतावर पिवळसर डाग असेल आणि त्याला एकात एक अशा कडा दिसत असतील, तर ती जागा पुन्हा पुन्हा भिजून वाळलेली आहे. न्हाणीघराच्या भिंतीच्या पलीकडच्या बाजूला मधोमध पोपडे सुटले असतील तर नळाच्या जोडाचा संशय घ्यावा. कपाटामागे किंवा बाहेरच्या भिंतीच्या थंड कोपऱ्यात काळी बुरशी असेल, तर पुष्कळदा गळती नसतेही. खोलीतली दमट हवा तिथे गारठून पाणी झालेली असते आणि दोष वायुवीजनाचा असतो. या चारही ओलींवरचे उपाय वेगळे आहेत आणि त्यांचा खर्चही वेगळा आहे, त्यामुळे 'थोडीशी ओल आहे' एवढ्या उत्तरावर कोणीही समाधान मानू नये. शक्य असेल तर हे घर भर पावसात पाहावे.

(दृश्य : खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली भेग. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडव्या रेघा मारून शेजारी तारीख लिहिली आहे.)

भेगांविषयी लोक एकतर फार घाबरतात किंवा अजिबात लक्ष देत नाहीत. गिलावा वाळताना आकसतो आणि त्यामुळे पडलेल्या केसासारख्या भेगा बहुधा निरुपद्रवी असतात. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी, एका टोकाला रुंद होत गेलेली, किंवा विटांच्या सांध्यांमधून पायऱ्यांसारखी चढणारी भेग मात्र पाया एका बाजूला खचत असल्याची खूण असू शकते. तीच भेग भिंतीच्या आतून आणि बाहेरून, दोन्हीकडे दिसली तर स्थापत्य अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. भेग जुनी होऊन थांबली आहे की अजून वाढते आहे, हे ओळखण्याची साधी रीत या पेन्सिलीच्या रेघांत आहे. काही आठवड्यांनी भेग रेघेच्या पुढे गेलेली दिसली, तर घर अजून हलते आहे. काँक्रीटच्या खांबांवर आणि तुळयांवर वेगळ्या नजरेने पाहावे. आतली लोखंडी सळई गंजते तेव्हा तो गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि वरचे काँक्रीट आतूनच ढकलून फोडतो. अशा जागी बोटाच्या पेराने ठोकले की पोकळ आवाज येतो.

बाकीची तपासणी लवकर आटोपते. दोन नळ एकाच वेळी सोडून पाण्याचा जोर पाहावा, सांडपाणी किती वेळात निचरते ते पाहावे, प्रत्येक दार लावून उघडून पाहावे. विजेच्या पेटीत वीजप्रवाहाची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण आहे की नाही हे वीजतंत्रीकडून पाहून घ्यावे. माणसाच्या जिवाच्या रक्षणासाठी ते साधारणपणे 30 मिलिअँपिअरच्या गळतीला काम करणारे असावे लागते. एकदा रात्री येऊन घरातला आवाज ऐकावा, आणि पश्चिमेकडे खिडक्या असतील तर दुपार उतरताना येऊन उन्हाचा ताप पाहावा.

मोजपट्टी स्वतः धरावी, हा सल्ला क्षुल्लक वाटेल. पण त्याचा हिशेब पाहा. 12 फूट बाय 10 फूट सांगितलेली खोली दोन्ही बाजूंनी फक्त सहा-सहा इंचांनी कमी भरली, तर 120 चौरस फुटांच्या जागी 109 चौरस फुटांच्या आसपासच जागा मिळते, म्हणजे जवळपास 9 टक्के कमी. जाहिरातीतल्या क्षेत्रफळात भिंतींची जाडी, जिना आणि सामाईक जागेचा वाटा धरला आहे का, हे लेखी विचारून घ्यावे आणि दोन घरांची तुलना नेहमी वापरायच्या जागेवरूनच करावी.

(दृश्य : टेबलावर एकाखाली एक मांडलेली जुनी खरेदीखते. एक बोट त्यांवरच्या नावांवरून सरकत जाते.)

भिंतींप्रमाणे कागदांनाही भेगा असतात. ज्याच्या मालकीचे जे नाही ते तो दुसऱ्याला देऊ शकत नाही, हे तत्त्व रोमन कायद्याइतके जुने आहे, आणि घराच्या व्यवहारातली बहुतेक दुःखे ते विसरल्यामुळे ओढवतात. काही देशांत सरकार मालकीची नोंद ठेवते आणि त्या नोंदीची हमी घेते; ही पद्धत रॉबर्ट टॉरन्स यांनी 1858 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात सुरू केली आणि पुढे ती अनेक देशांनी उचलली. इतर अनेक ठिकाणी केवळ दस्ताची नोंदणी होते. तिथे नोंदणीचा शिक्का एवढेच सांगतो की हा दस्त या तारखेला नोंदवला गेला. विकणारा खरोखर मालक होता, हे तो सांगत नाही. आपण कोणत्या पद्धतीच्या प्रदेशात घर घेत आहोत हे आधी वकिलाकडून समजून घ्यावे, आणि दस्तनोंदणीची पद्धत असेल तर मालकीची साखळी मागे मागे नेत प्रत्येक हस्तांतरणाचा कागद पाहावा. वारसांपैकी कोणाची सही राहिली आहे का, घरावर कर्जाचा बोजा आहे का, मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती हयात आहे का आणि कर व देखभालीची थकबाकी किती आहे, या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळाल्याखेरीज इसाराची रक्कम देऊ नये. इसारपावतीत ती रक्कम कोणत्या परिस्थितीत परत मिळेल तेही स्पष्ट असावे; कर्ज नामंजूर होणे आणि मालकीत दोष निघणे या दोन गोष्टी तर लिहिलेल्या असायलाच हव्यात. ऐनवेळी 'खाते क्रमांक बदलला आहे' असा निरोप आला, तर आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री केल्याशिवाय एक पैसाही पाठवू नये.

कर्जाचा हप्ता परवडतो, एवढे पाहून बहुतेक जण थांबतात. 20 वर्षांचे कर्ज वार्षिक 8 टक्के दराने घेतले आणि दर कायम राहिला, तर एकूण परतफेड मूळ रकमेच्या सुमारे दुप्पट होते. पहिल्या हप्त्यातला जवळजवळ 80 टक्के भाग व्याजाचा असतो, आणि निम्मे मुद्दल फिटायला साडेतेरा वर्षांहून अधिक काळ जातो. चार-पाच वर्षांत घर विकावे लागेल अशी शक्यता असेल, तर तेव्हा किती मुद्दल शिल्लक असेल हा आकडा बँकेकडून आजच लिहून घ्यावा.

(दृश्य : तेच घर. आता विकणाऱ्या कुटुंबातील एक बाई खोलीच्या मधोमध उभ्या राहून, पाहुण्याच्या नजरेने, चहूकडे पाहत आहेत.)

आता विकणाऱ्याकडे वळू. त्यालाही दुसऱ्यांदा पाहण्याची गरज आहे, कारण त्याच्या डोळ्यांना हे घर सवयीचे झालेले असते आणि किंमत ठरवताना ती सवय आड येते. अमेरिकेतील बॉस्टन शहरातील सदनिकांच्या विक्रीचा डेव्हिड जेनेसोव्ह आणि क्रिस्टोफर मेयर या अर्थतज्ज्ञांनी केलेला अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना खरेदीच्या किमतीपेक्षा कमी मिळण्याची भीती होती, त्यांनी आपली मागणी चढी ठेवली आणि त्यांची घरे अधिक काळ विक्रीविना पडून राहिली. आपण किती पैसे दिले होते, याचा आजच्या ग्राहकाशी काहीही संबंध नसतो. जवळपासची तशीच घरे नुकतीच किती रकमेला प्रत्यक्ष विकली गेली, हाच आकडा धरावा. दुसऱ्या बाजूने, मांडलेल्या किमतीचा पगडा जाणत्यांवरही बसतो. अमेरिकेतील टूसॉन शहरात केलेल्या आणि 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकच घर वेगवेगळ्या किमती सांगून दाखवले, तेव्हा मालमत्ता-व्यावसायिकांचे अंदाजही सांगितलेल्या किमतीकडे झुकले. म्हणून खरेदीदाराने आपला आकडा कागदावर लिहून मगच मागणीची किंमत विचारावी.

विकणाऱ्याने दोष झाकू नयेत, असे आम्ही म्हणतो त्यामागे केवळ नीती नाही. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये दाखवून दिले की ग्राहकाला चांगली आणि सदोष वस्तू वेगळी ओळखता आली नाही, तर तो सर्वच वस्तूंना संशयाची कमी किंमत देऊ करतो, आणि त्याचा फटका प्रामाणिक विक्रेत्याला बसतो. गच्चीच्या दुरुस्तीची पावती, बदललेल्या नळांचे बिल आणि तारीख घातलेली छायाचित्रे एका फायलीत लावून ठेवली, तर तो संशय दूर होतो. ओलीवर रंग मारण्याचा खर्च गळती थांबवण्यावर करावा.

(दृश्य : ताबा देण्याचा दिवस. रिकाम्या घरात दोन्ही कुटुंबे उभी आहेत.)

ताबा घेताना वीज आणि पाण्याच्या मीटरवरचे आकडे दोघांनी मिळून लिहावेत आणि त्याखाली दोघांच्या सह्या असाव्यात. ठरलेल्या वस्तू जागेवर आहेत का, हे सामान हलवल्यानंतरच्या रिकाम्या घरात पुन्हा एकदा पाहावे. जाणाऱ्या कुटुंबाने पाणी बंद करण्याची मुख्य चावी कुठे आहे, कोणत्या खिडकीची कडी उचलून लावावी लागते आणि सांडपाण्याची नळी कुठून जाते हे येणाऱ्यांना हिंडून दाखवावे. हे कोणत्याही खरेदीखतात लिहिलेले नसते. किल्ल्या मोजून घ्याव्यात, आणि बाहेरच्या दाराचे कुलूप त्याच दिवशी बदलावे.